फिन्सचे घरगुती पट्टे

आमच्या घरात समुद्र आला तो नवऱ्याच्या निवृत्तीनंतर. समोर मी त्याला अहो म्हणते, इथे कागदावर तरी 'तो' म्हणू दे. गाव मालवणजवळचं, पण या माणसाने उभ्या आयुष्यात घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नव्हतं. साठी उलटल्यावर मुलुंडच्या तलावात पोहायला शिकला, मग अंधेरीच्या कुठल्याशा क्लबात स्कूबाचा कोर्स केला. तोही तलावातच. चार धडे होतात न होतात तोच आम्हाला प्रवाळावर व्याख्यानं सुरू झाली. आमटीतलं कोकम बघूनसुद्धा त्याला समुद्राची खोली आठवायची.

घाटकोपरच्या एका मित्राने घरातली अडगळ काढायची म्हणून त्याला जुने फिन्स दिले. फिन्स म्हणजे पायात घालायची रबरी वल्हीच. पुढे पाऊल सरकवायचं, मागे टाचेवरून पट्टा ओढायचा. पोटमाळ्यावर पडून पडून या पट्ट्यांना चिरा गेल्या होत्या, हात लावला की तुकडा पडायचा. दुकानदार म्हणाला, असे पट्टे आता येत नाहीत, नवीन जोडी घ्या. शहाण्या माणसाने घेतली असती, नाहीतर गप्प बसला असता. आमचा म्हणाला, घरी करू.

आधी स्कूटरवर सामान बांधायची हुकवाली इलास्टिकची दोरी कापली. ती हातातून सुटली आणि हुक शोकेसच्या काचेवर बसला. मग सायकलची ट्यूब आली. ती घासून, सोल्यूशन लावून घरात असा वास केला, की एरवी कांजूरच्या कचराडेपोकडून वारा फिरला की आम्ही खिडक्या लावतो, त्या दिवशी मी मुद्दाम उघडल्या. कांजूर परवडलं. ट्यूबच्या काळ्या टाचा घेऊन तो माझ्या पुसलेल्या फरशीवर हिंडत राहिला. आणि मग एका सकाळी माझ्या कुकरची शिट्टी होईना. वाफ चारी बाजूंनी फुसफुसतेय, डाळ कच्ची. झाकण उघडते तर रिंग गायब. ती हॉलमध्ये, साहेबांच्या पायाला. वर मलाच सांगतो, रबर चांगल्या क्वालिटीचं आहे.

रिंग मी त्याच्या पायातून ओढून घेतली आणि म्हटलं, ठेवा ते सगळं, पट्टे मी शिवते. दया आली म्हणून नाही. कुकर वाचवायचा होता.

मी आयुष्यभर ब्लाउज शिवले आहेत. आमच्या सोसायटीतल्या, शेजारच्या सोसायटीतल्या, जाड्या, बारीक, पोक आलेल्या, सगळ्या बायकांचे. कोणाला गळा खोल वाटला असेल, कोणाला अस्तराचा रंग पटला नसेल, पण माप चुकलं असं मला एकीनेही ऐकवलेलं नाही. शिक्षण दहावी, दिसायला बेताची, स्वयंपाकात सासूने शेवटपर्यंत खोट काढली. ही एक गोष्ट माझी आहे आणि तिला मी कोणाला बोट लावू देत नाही.

बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून नायलॉनची जाड पट्टी आणली. मधल्या भागात रुंद इलास्टिक दुहेरी घातलं, टोकांना चौकोनी टीप मारून आत फुली. मशीनच्या दोन सुया मोडल्या. फिन्सच्या बकलाचे दात झिजलेले होते, म्हणजे पट्टा ओढून कमीजास्त होणार नव्हता. नेमक्या मापाचाच शिवायला हवा होता. म्हणून त्याला म्हटलं, पाय द्या. तर साहेब सोफ्यावर, क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठल्या तरी माशाच्या कल्ल्यांवरून वाद घालतायत. माप कसलं घेतेस, म्हणाला, इलास्टिक ताणतं. तुझंच घे, तुझे पाय कुठे माझ्यापेक्षा लहान आहेत? हा विनोद तो लग्नापासून करतोय. माझ्या पायांना त्याच्या घरी होड्या म्हणतात.

तरी मी नीट विचारलं, "अहो, पायात आणखी काही घालायचं असतं का?"

"समुद्रात मोजे कोण घालतं गं?"

बरं. मी माझ्या अनवाणी पायाचं माप घेतलं आणि शिवून मोकळी झाले. ग्रुपवर लगेच फोटो गेले. खाली 'होममेड', त्याखाली अंगठे आणि टाळ्या. शिवणारीचं नाव लिहायला जागा पुरली नसावी.

दिवाळीनंतर तारकर्लीला गेलो. बोटीत तो फिन्स छातीशी धरून बसला होता. इन्स्ट्रक्टर तिथलाच माणूस. त्याने सगळ्यांना जाड रबरी बूट वाटले. मागून उघडे असलेले फिन्स बुटावरच चढवायचे, नाहीतर टाच सोलते, असं सहज सांगून तो पुढच्या माणसाकडे वळला. अंधेरीच्या तलावात यांना बंद टाचेचे फिन्स दिलेले, अनवाणी घालायचे. प्रवाळाची अवघड अवघड नावं पाठ, आणि पायातला बूट ठाऊक नाही.

नवऱ्याने बूट चढवला, फिनमध्ये पाय कोंबला आणि पट्टा ओढला. पट्टा टाचेवर चढेना. लालबुंद होऊन ओढत होता. माझी एक टीप उसवली नाही, एवढं सांगते. सगळी बोट बघायला लागली. तेव्हा तो हसला, ऑफिसात साहेबासमोर हसायचा तसा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाला, "माप चुकवलंस तू."

मला राग आला. ज्याने पाय पुढे केला नाही तो मला माप सांगतोय. त्याने बोटीवरचे भाड्याचे फिन्स घातले, पाठीला टाकी लावली आणि बाकीच्यांबरोबर पाण्यात पडला. फणसासारखा पडला.

माझ्या पट्ट्यांचे फिन्स बोटीच्या तळाशी, ओल्या दोरावर पडले होते. मी चपला काढल्या. उजवा पाय सरकवला, पट्टा टाचेवरून ओढला. बसला. डावाही बसला. एक बोट जाईल एवढी सैल जागा, बाहीला ठेवते तेवढीच.

बोटवाल्याने विचारलं, काकी, पोहता येतं का? मी माहेरच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलेली. सासरी कोणी कधी विचारलंच नव्हतं. त्याने मला लाइफ जॅकेट बांधलं, दोर सोडू नका म्हणाला, आणि मी पंजाबी ड्रेससकट उतरले.

पाय मारला तर एवढी पुढे गेले की घाबरलेच. दुसरा मारला, तिसरा मारला, मग मला ते फार आवडायला लागलं. टाच जरा घासत होती, घासू दे. पट्टे हलले नाहीत. होड्या म्हणतात ना माझ्या पायांना? चालल्या होड्या.

तो वर आला तेव्हा मी शिडीला धरून होते. त्याने आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग बोटवाल्याकडे, आणि वर चढला. घरी परतेपर्यंत प्रवाळाचा विषय निघाला नाही.

मुलुंडला आल्यावर मी फिन्स गोड्या पाण्याने धुतले आणि शिलाई मशीनवरच्या खिळ्याला टांगले. दोन दिवसांनी तो तिथे येऊन उभा राहिला. पट्ट्यांवरून बोट फिरवत म्हणाला, जरा इंचभर वाढवून दे ना, पुढच्या वेळी बुटावर बसतील.

मी मशीनवरून मान वर केली नाही.

"कशाला वाढवू?" म्हटलं. "मापातच आहेत."