राहीची चोरचोळी

म्हसळ्याच्या वाटेला लागेपर्यंत मनुबाईचे पाय बोलू लागले होते. आगबोटीत दाटीवाटीनं बसून अंग आंबलं होतं. शिमग्याला ती दरसाल गावी यायची. पण यंदा गाठोड्यात राहीसाठी हिरवा खण होता, आणि तो द्यायचा कोणत्या तोंडानं, हे तिला सुचत नव्हतं.

मनुबाई मुंबईच्या एका गिरणीत बायकांची नायकीण होती. सुताच्या खात्यात कोणाला घ्यायचं, कोणाला घरी धाडायचं, ते तिच्या हातात. गावच्या कितीतरी लेकीसुना तिनंच तिथं चिकटवल्या. बहिणीची मुलगी राही त्यातलीच. परमुलखात माहेर कुठून आणायचं? म्हणून कोणाला दिवस गेले, की तिसऱ्या महिन्यात चोरचोळी मनुबाईच करायची. गाजावाजा न करता हिरवी चोळी द्यायची, तोंड गोड करायचं आणि त्या पोरीचं जड काम हळूच दुसरीकडे वळवायचं.

मग एकोणतीस साली सरकारनं कायदा केला. बाळंतिणीला मालकानं पैसे द्यायचे. बाया हरखल्या. पण मालक काही तुमच्याआमच्यासारखे भोळे नसतात. हजेरीवरचं नाव आधीच कापलं, तर देणं कसलं? खात्याच्या मास्तरनं मनुबाईला बोलावून घेतलं.

"पोट दिसायच्या आधी मला कळलं पाहिजे. नाहीतर दुसरी नायकीण बघतो."

इकडे आड, तिकडे विहीर. मनुबाईनं पहिलं नाव सांगितलं ते काशीचं. तिला चोळी देऊन आठवडाही झाला नव्हता. काम नीट नाही असं सांगून काशीला भर खात्यातून बाहेर काढलं. तिच्यामागून आणखी दोघीतिघी गेल्या. बाया अडाणी असतील, आंधळ्या नव्हत्या. चोरचोळ्या होत राहिल्या, फक्त मनुबाईला बोलावणं येईना. ते तिला फार लागलं. राग धरायचा तर कोणावर, तेही कळेना.

राहीचं तिनं स्वतःच ओळखलं. भाकरीचा वास आला की पोरगी तोंड फिरवायची. राही शिमग्याला पुढं निघून गेली आणि मास्तरनं विचारलं, "कोणी नवीन?"

"कोनी न्हाय, सायेब." एवढं बोलून मनुबाईनं बाजारातून खण घेतला होता.

मनुबाई घरी पोचली तेव्हा राही पडवीत तांदूळ निवडत होती. मावशीला बघताच तिनं पदर पोटावर ओढला. मग उठून पाण्याचा तांब्या आणून दिला.

"लपवू नको. मला ठावं हाय," मनुबाई टेकत म्हणाली. "मी मास्तरला बोलले न्हाय. बोलनार बी न्हाय. बिनघोर चल माज्यासंगं."

राही सुपातले खडे वेचत राहिली.

"कालच गिरनीत निरोप धाडला मावशी, माजं नाव काढा म्हनून."

"अगं, पन का?"

"तू सांगनारच व्हतीस. काशीवानी समद्यांदेखत बाहेर निघायचं, त्यापरीस आपल्या पायानं आलेलं बरं."

मनुबाईनं गाठोडं सोडून खण पुढे केला. राहीनं तो घेतला, उलगडून मांडीवर पसरला, दोन्ही काठ नीट बघितले.

"आजच शिवते," ती म्हणाली. "काम गेलं, आता लपवायचं काय ऱ्हायलं?"