थोडं पुढे असलेलं घड्याळ

आमच्या कोपरखैरण्याच्या घरात कायम दोन वेळा नांदत. एक भिंतीवरच्या घड्याळातली, मुद्दाम पुढे ठेवलेली. दुसरी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मनगटावरची, खरी. जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यात होते तेव्हा कंपनीची बस चुकू नये म्हणून त्यांनी घड्याळ पुढे केलं आणि रिटायर झाल्यावरही मागे घेतलं नाही. अशी घरं पुष्कळ असतील. पण अण्णांचा खाक्या वेगळा. घड्याळ किती पुढे आहे याचा घरात कोणाला सुगावा लागला, की ते गुपचूप स्टुलावर चढून काटे पुन्हा हलवत. माहीत असलं की माणूस तेवढी मिनिटं वजा करतो आणि सुस्तावतो, असं त्यांचं म्हणणं. मोबाईल बघायचा नाही, हा अलिखित नियम.

त्यामुळे रोज सकाळी आई वेणी घालता घालता विचारायची, "अवो, खरं किती वाजलं?"

अण्णा मनगटावर तळवा झाकून म्हणायचे, "आवर."

ती चिडायची, धांदलीत चपला अडकवायची आणि दोघं समोरच्या बागेत फिरायला जायचे. फाटक बंदच असायचं. वॉचमन कुलूप काढेपर्यंत ते बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहत. गॅलरीतून मला दोघांच्या पाठी दिसायच्या. काय बोलत असतील कोण जाणे, पण दिवसभरात तेवढा वेळच काय तो त्यांचा दोघांचा असायचा.

मग अण्णा गेले. दिवसकार्याला साताऱ्याहून मामा आले होते. आपलाही काही हातभार लागावा म्हणून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात नवा सेल घातला आणि मोबाईलवर बघून ते अगदी बरोबर लावून दिलं. मला असा राग आला की विचारू नका. पण बिचाऱ्यांचं चुकलं काय, तेही सांगता येईना.

त्या दिवसापासून आईनं घड्याळाकडे बघणं सोडलं. फिरणंही सुटलं. सकाळी केस मोकळे सोडून खिडकीशी बसायची. "चल की," म्हटलं, तर म्हणायची, "जाऊ निवांत." निवांत हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. ती अशी बसल्या बसल्या विरघळून जाईल अशी मला भीती वाटायची, खरंच सांगते. मी काटे पुढे करून पाहिले. ती हसलीसुद्धा नाही. "तू केलंस न्हवं? मग तुला ठावं हाय. आन् माझ्यापास्नं तुला काय लपवता येतंय व्हय?"

त्याच सुमारास ऑफिसनं आम्हा सगळ्यांच्या गळ्यात प्रोग्रॅमिंगचा एक फुकटचा कोर्स मारला. पन्नाशीला आलेल्या बाईला पहिलाच गृहपाठ काय, तर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एक खिडकी उघडायची आणि त्यात काट्यांचं घड्याळ चालवायचं.

रविवारच्या दुपारी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायची. खाडीकडून खारट वारा यायचा, पडदा फुगायचा, ग्रिलवर कबुतरं घुमायची. दिवाणावर आईचा डोळा लागलेला असायचा. मलाही गुंगी यायची. आधी पांढरा गोल उमटला, मग आकडे, मग काटे. कॉम्प्युटरच्या लेखी शून्य अंश डोक्यावर नसतो, उजव्या हाताला असतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. बारा वाजता माझे काटे तीनवर आडवे पडलेले! ते उभे करायला गेले, तर अधिक-उण्याचं चिन्ह चुकलं आणि घड्याळ उलटं फिरायला लागलं.

आई कधी जागी झाली, कळलं नाही. मागे येऊन उभी होती.

"हे मागं चाललंय," ती म्हणाली.

"हो, करते सरळ."

"ऱ्हाऊ दे की जरा."

आम्ही दोघी सेकंदकाट्याकडे बघत राहिलो. तो गुळगुळीत मागे सरकत होता. वाटलं, असंच चालू दिलं तर हा दुपारची जेवणं, सकाळचा चहा ओलांडून हळूहळू पार अण्णांच्या स्टुलापर्यंत जाईल. दुरुस्त करायला माझा हात होईना. आई पुन्हा आडवी झाल्यावरच मी चिन्ह बदललं.

घड्याळ सुलट झालं आणि तिथंच मला सुचलं. मी आणखी एक ओळ घातली. रोज पहाटे सुरू होताना घड्याळानं आपल्या मनानं काही मिनिटं निवडायची, तेवढं पुढे जायचं आणि तो आकडा कोणाला सांगायचा नाही, मलाही नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणारी खरी वेळ मी झाकून टाकली. भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटात ठेवलं आणि लॅपटॉप त्याच्या जागेखालच्या फळीवर मांडला.

सकाळी आईनं त्याच्याकडे बघितलं.

"किती पुढं केलंयस?"

"मला माहीत नाही."

लहानपणी खोटं पकडायला बघायची तशी ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिला तिथं काही सापडेना.

"खरंच न्हाई ठावं?"

"तुझी शप्पथ."

ती पुन्हा घड्याळाकडे वळली. तिचे हात आपोआप केसांकडे गेले, भराभरा पेड घालू लागले. मग, किती महिन्यांनी, तिनं विचारलं, "अगं, मग खरं किती वाजलं?"

मनगटावर घड्याळ नव्हतं, तरी मी त्यावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "आवर."

"बापासारखीच हाय मेली!" ती करवादली आणि चपला शोधू लागली.

आम्ही धावतपळत रस्ता ओलांडला. बागेचं फाटक बंद होतं. आई कट्ट्यावर टेकली, धाप जिरू दिली आणि शेजारची जागा पदरानं झटकून म्हणाली, "बस. टाईम हाय अजून."