कंपनीचा दिलगीर चेहरा

माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, जन्मतःच पडलेल्या चेहऱ्याचे. भुवया कानाकडे उतरत्या, डोळ्यांच्या कडा खाली, ओठांची टोकं त्याहून खाली. आतून माणूस मजेत असायचा. पत्त्यांचा डाव जिंकत असले तरी बघणाऱ्याला वाटे, यांच्या घरी कोणी तरी गेलंय. लग्नात फोटोग्राफरने हात टेकले होते. ‘अहो, निदान मनातल्या मनात तरी हसा!’ तो ओरडला. ‘मनातल्या मनातच हसतोय,’ साडू म्हणाले, आणि ते खरं होतं.

नोकरी लिफ्टच्या कंपनीत. लिफ्ट बनवायच्या, बसवायच्या आणि वर्षानुवर्षं त्यांची देखभाल करायची असा कंपनीचा धंदा. साडू सुरुवातीला साधे कारकून होते. एके दिवशी एका इमारतीतले रहिवासी मोर्चा घेऊन ऑफिसात घुसले. मॅनेजर बाथरूममध्ये जाऊन बसले. बाहेर साडू एकटेच सापडले. मोर्चातला सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस त्यांच्यावर धावून गेला, त्यांचा चेहरा बघितला आणि जागच्या जागी थबकला. ‘आम्ही खरंच दिलगीर आहोत,’ साडू म्हणाले. त्या माणसाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘जाऊ द्या हो. तुम्ही इतकं मनाला लावून घेऊ नका.’ मॅनेजर बाहेर आले तेव्हा ऑफिसात शांतता होती आणि मोर्चेकरी साडूंना चहा पाजत होते.

त्या दिवसापासून साडूंची बदली तक्रार विभागात झाली आणि नाव पडलं दिलगीरराव. एक गोष्ट आधीच सांगतो. त्यांचं दुःख तोंडदेखलं नव्हतं. ज्या आजीबाई दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या, त्यांच्याबद्दल त्यांना खरोखर वाईट वाटायचं. फक्त वाईट वाटण्यापलीकडे काही करायची सोय त्यांच्या खात्यात नव्हती.

पुढे प्रकरण वाढलं. कंपनीच्या लिफ्ट आधी मजला चुकवून थांबत, मग घसरू लागल्या. न्यायालयातली लिफ्ट न्यायाधीश आणि आरोपी या दोघांना घेऊन अडकली आणि निकाल लांबणीवर पडला. तेव्हा कुठे विधिमंडळाला जाग आली. लिफ्ट तपासण्यासाठी सरकारचं एक खातं आहे, उद्वाहन निरीक्षणालय. लिफ्टला सरकारी भाषेत उद्वाहन म्हणतात. त्यामुळे ती खाली आदळली तरी कागदावर वरच जात असते. या खात्यावर आणि कंपनीवर नजर ठेवायला विधिमंडळाने एक समिती नेमली. दर अधिवेशनात समिती दोघांना बोलावून जाब विचारणार असं ठरलं.

पहिल्या सुनावणीला कंपनीच्या मोठ्या साहेबांना बोलावणं आलं. मोठ्या साहेबांची पाठ तेव्हाच धरली. त्यांनी साडूंना पाठवलं.

मी पण गेलो होतो, मागे लोकांसाठी खुर्च्या असतात तिथे बसायला. नालाच्या आकाराचं मोठं टेबल, मध्येच शिट्टी मारणारे माईक, पाण्याच्या बाटल्या. डावीकडे निरीक्षणालयाचे मुख्य निरीक्षक, उजवीकडे कंपनीचे वकील आणि साडू.

‘देखभाल ही कंपनीची जबाबदारी आहे,’ मुख्य निरीक्षक म्हणाले.

‘पण आमच्याकडे निरीक्षणालयाचं प्रमाणपत्र आहे,’ वकील म्हणाले.

‘ते आम्ही कंपनीच्या अहवालावरून दिलं.’

‘तो अहवाल आम्ही निरीक्षणालयाच्या नमुन्यात दिला.’

समितीच्या अध्यक्षबाईंची मान डावीकडे-उजवीकडे करून दुखायला लागली. एका सदस्यांनी आपल्या बंगल्याला लिफ्ट बसवता येईल का, असा मुद्दा उपस्थित केला. दुसरे एक सदस्य पहिल्यापासून गाढ झोपले होते. शेवटी अध्यक्षबाई वैतागून म्हणाल्या, ‘तुम्हाला कुणाला या सगळ्याचं काही वाटतं की नाही?’

साडू उभे राहिले. ‘वाटतं, मॅडम. आम्ही दिलगीर आहोत.’

सगळ्यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. खोलीतला रागच उतरला. ‘बसा, बसा,’ अध्यक्षबाई म्हणाल्या. ‘कोणीतरी यांना पाणी द्या.’ कंपनीने अधिक दक्षता घ्यावी, अशी शिफारस करून समिती उठली. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता: ‘समितीपुढे कंपनी नमली’.

मोठ्या साहेबांची पाठ त्याच दिवशी बरी झाली. त्यांनी कंपनीत ‘उत्तरदायित्व विभाग’ नावाचा नवा विभाग काढला. त्याचे प्रमुख साडू, आणि कर्मचारीही साडूच. एक सल्लागार त्यांना शिकवायला येऊ लागले. ‘रडायचं नाही,’ ते सांगत. ‘रडलं की लोक भरपाई मागतात. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं, पण खाली पडू द्यायचं नाही.’ त्यांनी साडूंना निवेदनंही लिहून दिली. प्रस्तुत प्रकरणी, मनःपूर्वक, प्रक्रिया, परिपूर्ण पारदर्शकता असे भरदार शब्द त्यांत असत. वाचून झाल्यावर काय झालं आणि कुणामुळे झालं, एवढं सोडून सगळं समजे.

वर्षं गेली. प्रत्येक अधिवेशनात लिफ्ट पडल्याची नवी यादी, तोच डाव्या-उजव्याचा खेळ आणि शेवटी साडू. समितीला त्यांचा लळा लागला. एकदा ते तापाने आजारी होते, तर अध्यक्षबाईंनी सुनावणी पुढे ढकलली. ‘ते असले की काहीतरी झाल्यासारखं वाटतं,’ त्या म्हणाल्या.

घरी मात्र ताईंपुढे, म्हणजे माझ्या मेहुणीपुढे, या चेहऱ्याची डाळ शिजत नसे. ताई शाळेत भूगोल शिकवतात. उत्तर चुकलं की चेहरा बघून गुण द्यायची त्यांना सवय नाही. एकदा आम्ही जेवायला गेलो असताना त्यांनी विषय काढला.

‘पण मला सांगा, लिफ्ट पडतात कशामुळे?’

‘ब्रेकचे लायनर झिजतात. वेळेवर बदलायला हवेत. कंपनी बदलत नाही.’

‘आणि ते निरीक्षक?’

‘मशीनची खोली गच्चीवर असते. तिथे जायचं तर लिफ्टने जावं लागतं. निरीक्षकांचा लिफ्टवर विश्वास नाही.’

‘हे कंपनीत कुणाकुणाला माहीत आहे?’

‘सगळ्यांना. चहावाल्यालाही.’

‘मग समितीला सांगितलंत?’

‘त्यांनी विचारलं नाही.’

‘मग इतकी वर्षं विचारतात तरी काय?’

‘तुम्हाला याचं वाईट वाटतं का, असं विचारतात. मी म्हणतो, वाटतं.’

ताईंनी भाताचं भांडं जरा जोरातच ठेवलं. साडूंचा घास हातातच राहिला. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा चेहरा आणि मन एकाच जागी दिसलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारी इस्पितळातली लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून थेट तळाला आली. आत एक आया होती, धुवायच्या चादरींची गाडी घेऊन निघालेली. चादरींमुळे जीव वाचला, पण पाय मोडला. लोक भडकले. या वेळी सुनावणी टीव्हीवर थेट दाखवायचं ठरलं.

सुनावणीच्या सकाळी साडू चूळ भरायला गेले, तर पाणी ओठांच्या एका बाजूने ओघळून सदऱ्यावर. डावी बाजू बधिर झाली होती. डावा डोळा मिटेना.

‘आधी डॉक्टरकडे चला,’ ताई म्हणाल्या. साडूंनी मोठ्या साहेबांना फोन लावला. चेहरा पडलाय, आज येणं जमणार नाही, असं अडखळत सांगितलं.

‘चेहरा पडलाय?’ मोठे साहेब म्हणाले. ‘मग उत्तमच! आजच तर हवाय तसा. गाडी पाठवतो.’

साहेबांचा अंदाज चुकला. साडूंची डावी बाजू जन्माचीच पडलेली, ती आणखी पडली तरी कुणाला कळणार? पण उजवी, चांगली बाजू आता एकटीच ओढ घेऊ लागली होती. ओठाचं उजवं टोक वर चढलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा साडू हसताना दिसत होते, तेही छद्मी.

सुनावणी सुरू झाली. अध्यक्षबाईंनी त्या आयाच्या पायाचं वर्णन वाचून दाखवलं. साडू निवेदन घेऊन उभे राहिले. ‘प्रस्तुत प्रकरणी’ म्हणायला गेले, पण ओठ मिटेनात. ‘प’च्या जागी नुसता वारा निघाला आणि माईकवर थुंकीचा थेंब उडाला. घाबरून त्यांनी डोळ्यांची उघडझाप केली. उजवा मिटला, डावा टक्क उघडा राहिला. अध्यक्षबाईंकडे बघत.



‘यांनी मला डोळा मारला?’ अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या.

‘मारला!’ झोपलेले सदस्य ताडकन उठून ओरडले. ‘मी स्वतः पाहिलं!’

आणि मग जे उसळलं! इतक्या लिफ्ट पडल्या, इतकी हाडं मोडली, तेव्हा कुणी खुर्चीतून हललं नव्हतं. एका डोळ्याने अख्खं सभागृह उभं राहिलं. ‘हसतोय बघा!’ ‘बाईचा पाय मोडला आणि हा हसतोय!’ ‘हक्कभंग! हक्कभंग!’ कंपनीचे वकील टेबलाखाली पडलेलं पेन शोधू लागले ते वर आलेच नाहीत. बंगल्याला लिफ्ट मागणारे सदस्य टेबलावर मूठ आपटून गरजले, ‘हसायचं नंतर! आधी सांगा, का पडली ती लिफ्ट? एका वाक्यात सांगा!’

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता, तोही रागाच्या भरात.

साडूंनी निवेदनाकडे पाहिलं. त्यात ‘प’ आणि ‘म’ इतके होते की ते वगळल्यावर हातात काही उरत नव्हतं. त्यांनी कागद खाली ठेवला आणि ओठाला ओठ न लागणारे शब्द शोधत सावकाश म्हणाले, ‘लायनर झिजले. दुसरे घातले नाहीत.’ मग मुख्य निरीक्षकांकडे बोट केलं. ‘ते तिकडे चढले नाहीत.’

‘कुठे चढले नाहीत?’ अध्यक्षबाई निरीक्षकांकडे वळल्या.

‘ही तांत्रिक बाब आहे, मॅडम.’

‘लिफ्टचं मशीन कुठे असतं? वर की खाली?’

मुख्य निरीक्षक शेजारच्या अधिकाऱ्याच्या कानाला लागले. ‘बहुधा वर,’ ते म्हणाले. सगळा देश टीव्हीवर बघत होता.

आता माघार घेणं समितीला शक्य नव्हतं. डोळा मारल्याची चौकशी करायला उपसमिती नेमली. डॉक्टरांनी येऊन सांगितलं की हा चेहऱ्याच्या नसेचा झटका आहे, आणि डोळा मारला नसल्याचं बहुमताने ठरलं. पण विचारलेला प्रश्न कुणाला परत घेता येईना. मोठ्या साहेबांना पाठीसकट यावं लागलं. लायनर म्हणजे काय, हे त्यांना तिथेच कळलं. सगळे लायनर बदलेपर्यंत कंपनीच्या सर्व लिफ्ट बंद. शहर पायऱ्या चढू लागलं आणि सर्वांत पुढे निरीक्षक, हातात टॉर्च आणि तोंडाला फेस. मुख्य निरीक्षकांना गच्चीवर चक्कर येते असं आढळल्याने त्यांना बंदर खात्यात हलवलं.

कंपनीने साडूंना घरी बसवलं. ठपका असा की त्यांनी कंपनीच्या चेहऱ्याला बाधा आणली. त्यांच्या जागी एक नाटकातले नट घेतले. ते सुंदर रडले. पण समितीला ‘का?’ विचारायची चटक लागली होती. ‘का पडली?’ म्हटल्यावर नट विंगेकडे बघू लागले, आणि तिथे कुणी नव्हतं.

साडू त्या काळात चेहऱ्याच्या व्यायामासाठी त्याच सरकारी इस्पितळात जात. पहिल्या दिवशी मी सोबत होतो. विभाग चौथ्या मजल्यावर. आम्ही धापा टाकत पोचलो, तर टेबलामागे कुबडी टेकवून एक बाई बसल्या होत्या. साडूंना बघून त्या म्हणाल्या, ‘तुम्ही तेच ना, टीव्हीवरचे?’

ती आया होती. इतकी वर्षं ज्यांच्याबद्दल ते दिलगीर असत, त्यांच्यातल्या कुणाला ते कधी भेटले नव्हते. त्यांनी हात जोडले. ‘बाई, मी...’

‘ते राहू द्या. लिफ्टचे लायनर बदलले म्हणे. खरं आहे?’

‘खरं आहे. मी स्वतः मिस्त्रींना विचारलं.’

‘मग जिन्याने का आलात?’

साडू मागे जिन्याकडे बघू लागले. बाईंनी कुबडी उचलली. ‘सुट्टीच्या वेळी थांबा. मलाही अजून त्या डब्यात पाय ठेवायचं धाडस झालेलं नाही. दोघं मिळून उतरू.’

आणि उतरले. मी जिन्याने धावत खाली गेलो. दार उघडलं तेव्हा बाई घामाने भिजल्या होत्या आणि साडूंनी त्यांची कुबडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. माझी चाहूल लागेपर्यंत दोघं बाहेर यायचं विसरले होते.

साक्षीदाराला त्रास देऊ नका, असं समितीने बजावल्यामुळे कंपनीला साडूंना परत घ्यावं लागलं. कुणाला दिसू नयेत म्हणून तळघरातल्या सुट्या भागांच्या कोठारात टाकलं. साडू तिथे रमले. मिस्त्री यायचा, झिजलेला लायनर दाखवायचा, साडू नवा काढून द्यायचे. नवीन न घेता कुणी निघाला तर त्याला दारातून परत बोलवायचे.

पुढे निवडणूक झाली, नवी समिती आली. तिने पहिला अभ्यास सदस्यांच्या पार्किंगचा हाती घेतला. तोवर साडूंचा चेहरा पूर्ववत झाला होता, ही बातमी वरच्या मजल्यावर गेली. परवा मी कोठारात त्यांच्याकडे बसलो असताना मोठ्या साहेबांचा फोन आला. विभाग पुन्हा सुरू करतोय, पगार वाढवतो, तुमच्यासारखा चेहरा मिळत नाही, असं बरंच काही. सगळं मला ऐकू येत होतं.

‘साहेब, मी दिलगीर आहे,’ साडू म्हणाले, ‘पण समोर मिस्त्री उभा आहे.’ आणि फोन ठेवून ते मागच्या फळीवरचा खोका काढायला शिडीवर चढले.