डोक्यावरचा दोन

"आधी जागा पाहा, पेंटर." बाई असं म्हणायच्या आणि हातातला खडू हवेत टेकवायच्या. खिळा ठोकणाऱ्या शिपायालाही त्यांचं हेच सांगणं. मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवत.

माझं सदरला बोर्ड रंगवायचं दुकान. शाळा तिसरीपर्यंत, पण अक्षर असं की वकीलसुद्धा थांबून पाहत. तुम्ही जुने नागपूरकर असाल तर माझ्या हातचं एखादं अक्षर तुमच्या नजरेखालून गेलंच असेल.

सत्तर सालच्या आसपास बाईंनी मुख्याध्यापिकेशी भांडून व्हरांड्याची भिंत मिळवली. तिच्यावर गणिताची सूत्रं रंगवायची होती. मी कागद पाहिला. 'अ'च्या डोक्यावर बारकासा दोन चढवलेला. वाटलं, बाईंचा हात हलला. मी तो खाली घेतला, 'अ'च्या शेजारी, त्याच्याएवढाच. दोरी मारून ओळ बिलकुल सरळ.

बाई आल्या आणि पाहतच राहिल्या.

"हा दोन खाली कसा आला?"

"वाकडा दिसत होता, सरळ केला."

"पुसा. सोमवारी परीक्षा आहे. मुली हेच पाठ करतील."

"काहून पुसू? माझं अक्षर आजवर कोणी पुसलं नाही, बाई."

दुसरं कोणी ओरडलं असतं. बाई खाली वाकल्या आणि त्यांनी फरशीवर खडूनं चौकोन काढला. "अ म्हणजे तीन समजा. तीन फरश्या लांब, तीन रुंद. मोजा."

नऊ भरल्या.

"वरचा दोन हे सांगतो. तुमचा दोन सांगतो, तीन दुणे सहा. बाकीच्या तीन कुठं गेल्या, पेंटर?"

मी पुन्हा मोजल्या. नऊच. त्यांच्यासमोर पुसलं नाही, एवढी ऐट राखली. त्या वर्गावर गेल्या तसा घासलेटचा बोळा घेतला. दुसऱ्या दिवशी बाईंनी भिंत पाहिली आणि चहा पाठवला.

तेव्हापासून माझं शाळेतलं प्रत्येक काम त्या बोट ठेवून तपासायच्या. "हे उणे आखूड झालं." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बऱ्याच वर्षांनी शाळेत कॉम्प्युटर आला. निवृत्तीला टेकलेल्या बाई तो शिकून आल्या. त्याच्या खुणांचा बोर्ड करायला मला बोलावलं. गुणायला फुली नाही, चांदणी. भागायला तिरपी रेघ.

"हे यंत्र तुमच्यासारखंच हट्टी आहे, पेंटर. सगळं एका ओळीत पाहिजे त्याला. म्हणून दोनाच्या आधी ही टोपीसारखी खूण काढायची. मग त्याला कळतं, हा दोन वरचा."

"म्हणजे मीच बरोबर होतो न तेव्हा!"

"टोपी कुठं काढली होती तुम्ही?" आणि बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

लग्नसराईची कामं होती, बोर्डाला मी उशीर केला. तेवढ्यात बाईंना ताप आला, आणि चार दिवसांत त्या गेल्या.

बोर्ड घेऊन गेलो तर बाईंच्या जागी आलेले नवे सर म्हणाले, "टांगून द्या."

"तपासून घ्या न, सर."

"तुमचं काम पक्कं असते म्हणतात. काय तपासायचं?"

जन्मभर हेच ऐकायची हौस होती मला. तरी बोर्ड टांगवेना. बाईंच्या हातचा कागद काढून मीच एकेका खुणेवर बोट ठेवत जुळवत बसलो. तीनदा पाहिलं, चूक निघाली नाही.

एखादी निघायला पाहिजे होती.