तिला वाजत न्या

मी बाजासाठी गाणी लिहायचो. एवढं सांगितलं की समोरचा हमखास हसतो, कारण लग्नाच्या बाजात गाणारा कुणी नसतो. क्लॅरिनेट असतं, पितळी भोंगे असतात, ढोल-ताशे असतात. "मंग तुझे शब्द घालतात कुठं, भोंग्यात?" असं माझा मेहुणा चारचौघांत विचारायचा. डोक्यात तिडीक जायची. पण खरं सांगू का, त्याला काय उत्तर द्यावं ते मलाबी कळायचं न्हाई.

काम असं चालायचं. निजामाचं राज्य होतं तेव्हाचं जालना. दिवसभर मी कापसाच्या जिनात कामाला, आन संध्याकाळी उस्तादांच्या बाजात. उस्ताद क्लॅरिनेट वाजवायचे, बाजा त्यांचाच. मी चाल गुणगुणायचो, ते ती उचलायचे. मंग हळदीच्या दिवशी मी नवरीच्या घरी जाऊन तिथल्या बायांना शब्द शिकवायचो. दुसऱ्या दिवशी वरातीत पुढं बाजा आन मागं बाया गात वेशीपर्यंत यायच्या. बायांचा आवाज ढोलात बुडून जायचा, ते वेगळं. "शायरसाहेब, लोक शब्द विसरतात, चाल विसरत न्हाईत," उस्ताद म्हणायचे. मी म्हणायचो, चाल तरी कुणाची? तर म्हणायचे, बाजाची! त्यावरून आमचं कितीदा तरी वाजलं असंल.

गाणी पुष्कळ केली, पण चाललं ते एकच, वरातीचं. 'वाजत न्या गं, गाजत न्या, वेशीपर्यंत वाजत न्या.' पुढं कडव्यात नवरीच्या गावाला आन नावाला जागा ठेवलेली. अमक्या गावची अमकी चालली, तिला वाजत न्या. नाव माहेरचंच घालायचं, हा माझा नियम. सासरचं उद्या पडणारच आहे, आजच्या दिवस तिला तिचं राहू द्या, असं मी बायांना सांगायचो. लांब नाव असलं तर दाबून बसवायचो, आखूड असलं तर मागं 'बाई' लावायचो. नाव आलं की बाया आवाज चढवायच्या आन गाडीतली नवरी मान खाली घालून हसायची. जालन्यापासून मंठ्यापर्यंत, वर भोकरदनच्या अंगाला, हे गाणं झाल्याबिगर वरात हालायची न्हाई.

मंग बोलपट आले. लोकांना बोलपटाच्या चाली पाहिजेत, बाकी काही नको. माझी गाणी एकेक करून गेली, कुणी विचारलंबी न्हाई. वरातीचं तेवढं टिकलं. जिनातलं काम पोटासाठी होतं, पण गावात मला चार माणसं ओळखायची ती या एका गाण्यामुळं.

माझ्या लेकीला ते लहानपणापासून पाठ. 'जालन्याची' म्हणून पुढं स्वतःचं नाव घालायची आन अंगणभर गात फिरायची. तिची मंठ्याला सोयरीक जमली, सुगीनंतर लग्न करायचं ठरलं, तेव्हा तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. "बापू, लुगडी-दागिने काय करायचं ते करा. माझ्या वरातीला आपलंच गाणं पाहिजे. बोलपटाचं वाजलं तर मी गाडीत बसणार न्हाई." "नको बसू, पायी जा," मी म्हणालो. पण मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

आन त्याच हंगामात मायनं अंथरूण धरलं.

माय धनगराची लेक. अर्धा जन्म मेंढरांमागं हिंडलेली आन तोंडानं तिखट. माहेर धावड्याचं, म्हणून गल्लीतले लहानथोर तिला 'धावड्याची' म्हणायचे. एके दिवशी दुपारी घरात कुणी नसताना तिनं मला जवळ बोलावलं.

"मी गेले की हलगी लावू नको."

"बरं. भजन लावू."

"भजनबी नको. तुझा बाजा लाव. ते वरातीचं."

मला वाटलं, तापात बरळून राह्यली. म्हणालो, "माय, ते लग्नाचं गाणं आहे."

"मंग मला काय कळत न्हाई? लग्नाचंच पाहिजे."

मंग तिनं सांगितलं. तिची दोन लग्नं झाल्ती, हे मला ठाऊक होतं. पहिलं पिंपळगाव रेणुकाईला. "लई वाजलं म्हणतात. मी बापाच्या कडेवर झोपलेली, मला काय ऐकू येतंय? त्यो पोरगा देवीच्या साथीत गेला. पुढं तुझ्या बापासंगं पाट लावला, तवा मी चांगली जागी होते. पण रांडवेच्या पाटाला कोण वाजवतंय रे? अंधारात, मागच्या दारानं आणलं. एक कुत्रं भुंकलं, त्योच बाजा." थोडा दम खाऊन म्हणाली, "इतकी वर्षं लोकाच्या पोरी वाजवत धाडून राह्यला. मी आपली मागं भिंतीला उभी राहून ऐकते. एक वरात माझी काढ."

मयतीला वाजलेलं गाणं लग्नाच्या मांडवात कोण येऊ देईल? एकदा तिच्यासाठी वाजलं की गाणं संपलं, आन लेकीची वरात तर तोंडावर आल्ती. मला रागच आला. "तुला आत्ताच सुचलं का हे?" म्हणालो. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "मला मरायचंबी आत्ताच सुचून राह्यलंय. मी काय करू?"

उस्तादांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, पान लावलं, खाल्लं. म्हणाले, "आई तुमची, गाणं तुमचं. पण एकदा मयतीला काढलं की मला ते पुन्हा कुणाच्या दारात काढता येणार न्हाई. सोचून सांगा." मी म्हणालो, तुम्हीच सांगा काय करू. तर म्हणतात, "मला शब्दातलं काय कळतं? मी चालीचा माणूस." वा रे वा! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना शब्दांची आठवण झाल्ती.

मंग मी एक शक्कल काढली. मायला म्हणालो, बाजा अंगणात आणतो, तुझ्यासमोर वाजवतो, तुलाबी डोळ्यांनी बघायला मिळंल. दारं लावून घेऊ, मयतीचा संबंधच न्हाई. ती खुदकन हसली. "बसल्या जागी कसली वरात रे? निघाल्याबिगर वरात होती का?" ते बिलकुल बराबर होतं, म्हणून मला आणखीच वैताग आला. इकडं आड, तिकडं विहीर. लेकीला विचारायची हिंमत न्हाई. ती रोज आजीच्या कुशीला निजायची, तिचं सगळं करायची. तिला कसं म्हणू, पोरी, तुझी वरात दे?

माय गेली तेव्हा अंगणात नुकतं ऊन आल्तं. सोयरेधायरे जमले. मेहुण्यानं हलगीवाला आणून उभा केला आन मला म्हणाला, "सांग त्याला सुरू कर म्हणून." मी दारात तसाच उभा. हो म्हणवेना आन न्हाई म्हणवेना. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला लाल कोट दिसले. उस्ताद आन सगळा बाजा, पायी चालत आल्ता. मी कुणालाच बोलावलं नव्हतं.

"तुमची बेटी सकाळीच घरी आल्ती," उस्ताद म्हणाले. मंग जरा ओशाळून स्वतःच्या अंगावरचा कोट चाचपला. "आमच्याकडं दुसरे कोट न्हाईत, शायरसाहेब."

मी लेकीकडं वळलो. रडून डोळे सुजलेले, पण उभी होती ताठ. म्हणालो, "पोरी, तुझी वरात..."

"आजीनं मला आधीच विचारलं होतं बापू. तुम्हाला विचारायच्या आधी. मी हो म्हणाल्ते."

"मंग मला कशाला विचारलं तिनं?"

"गाणं तुमचं आहे न."

मायला उचललं आन बाजा सुरू झाला. मेहुणा ओरडला, येड लागलं का तुला! दोन सोयरे तिथूनच माघारी फिरले. बाया आमच्याकडं वेशीपर्यंतच येतात, त्या मागं चालत होत्या. पहिल्यांदा भांबावल्या, पण गाणं सगळ्यांच्या तोंडात बसलेलं. आधी एकीनं उचललं, मंग सगळ्यांनी. वाजत न्या गं, गाजत न्या. मंग कडवं आलं. 'धावड्याची' म्हणाल्या आन तिथंच थांबल्या. पुढं नाव पाहिजे होतं.

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. पिंपळगावच्या सासऱ्यानं एक नाव ठेवलेलं, आमच्या घरात दुसरं ठेवलेलं. पण ती सासरची. माहेरचं नाव? माझा बाप तिला 'अगं' म्हणायचा, गल्ली 'धावड्याची' म्हणायची, मी माय म्हणायचो. सगळ्या मुलखातल्या पोरींची नावं मी त्या जागेत बसवली, आन स्वतःच्या मायचं नाव मला ठाऊक नव्हतं! क्लॅरिनेटनं ओळ फिरून घेतली. पुन्हा 'धावड्याची', पुन्हा जागा रिकामी. उस्तादांनी तिसऱ्यांदा ओळ घेतली आन माझ्याकडं बघत राह्यले.

तेवढ्यात मागून माझ्या लेकीचा आवाज आला. तिनं नाव घेतलं. लांबलचक नाव होतं, जुन्या वळणाचं. मी बायांना शिकवायचो तसं तिनं ते दाबून बसवलं आन ते बराबर बसलं. नाव आलं की आवाज चढवायचा ही सवयच, त्यामुळं बायांनी ते उचललं ते एकदम वर. अर्ध्या रडत होत्या, एकदोघी तर नावाला हसल्यासुद्धा. मी तिरडीचा बांबू धरून चालत होतो, आन आपण कुठं निघालोय तेच मला घडीभर कळंना. ते नाव मी इथं लिहीत न्हाई. बाकी सगळं मायनं दुसऱ्याचं वापरलं, तेवढं एक तिचं होतं.

त्यानंतर ते गाणं कुणी लग्नाला मागितलं न्हाई. उस्तादांचं म्हणणं खरं निघालं.

वर्षाचा दुखवटा सरल्यावर लेकीचं लग्न झालं. वरातीच्या वेळी उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. काय वाजवू म्हणून तोंडानं विचारलं न्हाई, पण मला कळलं. मी म्हणालो, वाजवा काहीबी. त्यांनी बोलपटाचं काढलं. लेक मुकाट्यानं गाडीत चढून बसली. मी चाकाजवळ उभा राह्यलो आन म्हणालो, "तुझी वरात सुनी गेली पोरी."

"माझी ऱ्हाऊ द्या बापू," ती डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली. "आजीची वाजत गेली न."