हलगी माझी नव्हती, वाजवली मी

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळली. टाळणं सोपं होतं, कारण कुणी विचारतच नव्हतं. ज्यांना ती ठाऊक होती ते केव्हाच गेले, आणि मी पेटीमागे बसून पोरांना गीतं शिकवत राहिलो. पण मागच्या वर्षी आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, स्मरणिका निघाली आणि तिच्यात माझ्यावर अर्धं पान आहे. सोळाव्या वर्षी भर सभेत निर्भीडपणे साक्ष देऊन मी मंडळीला जगिक, म्हणजे देवाचं नसलेल्या, संगीतापासून वाचवलं, असं त्यात छापलंय. ती साक्ष खोटी होती. आणि ज्या संगीतापासून मी मंडळीला वाचवलं म्हणतात, त्यानेच मला देव दाखवला. आता हे लिहून ठेवतो. कुणाला राग येणार असेल तर येऊ दे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंधेरीला चाळीत दोन खोल्यांत राहायचो. बाबा मंडळीचे वडील होते. आमच्यात मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना 'वडील' म्हणतात. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की माझे वडील सगळ्यांचेच वडील आहेत, आणि ते फारसं चूक नव्हतं. घरात सिनेमा नाही, रेडिओ नाही, पत्ते नाहीत. शेजारून दिवाळीचा फराळ आला तर आई तो हसून घ्यायची, आणि बाबा बाहेर गेले की आम्ही खायचो. गावठाणातले कॅथलिक शेजारी लग्नात बँड लावून नाचायचे. बाबांच्या मते तेही नरकातच जाणार होते, फक्त वाजतगाजत.

गाणं मात्र आमच्याकडे भरपूर होतं. सकाळी गीत, जेवणाआधी गीत, रविवारी उपासनेच्या हॉलमध्ये तर आठ-आठ गीतं. चाली साहेबांच्या देशातल्या आणि शब्द मराठी. चालीला जिथे श्वास घ्यायचा असेल तिथे शब्द मोडायचा. 'तारणारा' म्हणताना 'तार' वर थांबायचं, मग 'णारा'. देव पोस्टाची तार पाठवतो आणि णारा नावाचा कुणी माणूस ती सही करून घेतो, असं मला किती दिवस वाटत होतं. टाळी वाजवायची नाही, पायाने ठेका धरायचा नाही. बाराव्या वर्षी मला पेटीवर बसवलं. बोटं चांगली चालायची, लोक कौतुक करायचे, आणि मला काहीही वाटायचं नाही. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. वडिलांच्या मुलाला गाताना काही वाटत नाही म्हणजे काय?

मामा मंडळीत आले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. ते नात्याचे मामा नव्हते, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मूळचे नगरकडचे, आमच्याच गावांच्या बाजूचे. आरे कॉलनीत म्हशींच्या गोठ्यावर कामाला होते आणि तिथेच एका खोलीत राहायचे. हॉलच्या दारात चपला काढून प्रत्येकाला "सलाम, सलाम" करत आत यायचे. त्यांना आमच्या चाली येत नव्हत्या. शब्द तेच, पण ते आपल्या गावाकडच्या चालीत म्हणायचे आणि पेटीच्या अर्धी मात्रा मागे राहायचे.

"मामा, जरा पेटीबरोबर या," मी एकदा सभेनंतर म्हणालो.

"मी बरोबरच हाय," ते म्हणाले. "तुझी पेटीच पुढं पळती. तिला कुठं गाडी गाठायचीय का?"

दर रविवारी दुपारी मला आरेच्या बाजूला पत्रकं वाटायला पाठवायचे. शुभवर्तमानाची चार पानी पत्रकं, मागे आमच्या हॉलचा जांभळा शिक्का. मरोळपर्यंत बस, पुढे चालत. गोठे आणि पाडे फिरून मी मामांच्या खोलीवर पाणी प्यायला थांबायचो. तिथे खुंटीला हलगी टांगलेली होती.

हलगी म्हणजे कड्यावर ताणलेलं कातडं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. वाजवण्याआधी जाळावर तापवावी लागते, नाहीतर आवाज मऊ निघतो. मामांनी मूठभर वाळलेलं गवत पेटवलं, हलगी वर धरून फिरवली, बोटाने ठोकून ऐकली आणि आम्ही शेकडो वेळा म्हटलेलं एक गीत गायला सुरुवात केली. त्यात 'तारणारा' अख्खा आला. श्वास शब्दानंतर आला. हलगी त्या शब्दाला मागून धक्का देत होती, जसं आपलं माणूस पाठीवर हात ठेवून पुढे सारतं. मी उंबऱ्यावर बसून रडलो. का रडलो ते मला कळलं नाही, पण ज्याच्याबद्दल मी इतकी वर्षं गात होतो तो आहे, हे मला त्या उंबऱ्यावर कळलं. माझा विश्वास तिथला आहे. हॉलमधला नाही, पेटीचा नाही. स्मरणिकेवाल्यांनी लिहून घ्यावं.

मग दर रविवारी मी शिकू लागलो. मामा हातावर टिपरू मारून शिकवायचे. एकदा मी घरी जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवली. बाबांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. नंतर आईने हळूच सांगितलं, की माझे आजोबा गावात हलगी वाजवायचे. दुसऱ्यांच्या लग्नात, दुसऱ्यांच्या मयताला, दवंडी द्यायला, कुणी हाक मारली की जायचं आणि चावडीखाली उभं राहून वाजवायची. मिशनच्या बोर्डिंगात जाईपर्यंत बाबा लहानपणी त्यांच्यामागे चालायचे. "त्यांच्यासमोर तो ठेका धरू नकोस," आई म्हणाली. आज मला बाबांचा हात समजतो. पण ज्या लोकांनी आजोबांना चावडीखाली उभं केलं त्यांची लाज हलगीने का भोगायची, हे मला तेव्हाही समजलं नव्हतं आणि आजही समजत नाही.

त्या उन्हाळ्यात मामांच्या खोलीजवळच्या पाड्यात लग्न होतं. मी पोचलो तेव्हा नवऱ्याकडची दोन माणसं दारात उभी होती. त्यांचे वाजंत्री आले नव्हते. मामांनी हलगी घेऊन यावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

"लगनात वाजवायचं मी सोडलं," मामा म्हणाले. "आता निस्तं देवाचं वाजवतो. राग मानू नका." आणि बादली उचलून ते धारा काढायला गोठ्यात गेले.

ती माणसं परत निघाली. मी खुंटीवरची हलगी काढली आणि त्यांच्यामागे गेलो. मला कुणी भरीस घातलं नाही. सोळा वर्षांचा होतो, हात बसला होता, आणि एकदा तरी माणसांच्या गर्दीत वाजवून पाहायचं होतं. पाड्याच्या तोंडाशी हलगी तापवायला गवत शोधायचा धीर नव्हता. पिशवीत न वाटलेली पत्रकं होती. त्यातली मूठभर पेटवली.

मी सुरेख वाजवली. खोटा विनय करायचं माझं वय गेलं. बाया नाचल्या, म्हातारे नाचले. अर्ध्यात पाहिलं तर मामा दुधाची बादली हातात घेऊन कडेला उभे. त्यांनी हलगी हिसकावली नाही. थांबल्यावर जवळ आले.

"हात बसलाय तुझा," ते म्हणाले. "पण हितं नको हुतं, बाबा."

तीन दिवसांनी बाबांनी टेबलावर एक कागद ठेवला. अर्धं जळलेलं पत्रक, मागे आमचा शिक्का शाबूत. आरेतच नोकरीला असलेल्या मंडळीतल्या एका बंधूंना ते पाड्याजवळ सापडलं होतं. लग्नात हलगी वाजल्याचंही त्यांनी ऐकलं होतं.

"ही पत्रकं तुझ्याकडे असतात," बाबा म्हणाले.

"मी मामांनाही देतो," मी म्हणालो. "वाचायला."

"मग हलगी त्यांनी वाजवली?"

मी हो म्हणून मान हलवली. बाबांचा चेहरा सैल झाला. ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. त्यांना खरं ठाऊक होतं असं मला आज वाटतं. आजोबांची हलगी आपल्या मुलाच्या हातात आली, हे त्यांना ऐकायचं नव्हतं. मी त्यांना न ऐकण्याची वाट काढून दिली आणि ती त्यांनी घेतली.

"हे सभेत उभं राहून सांगायचं," ते म्हणाले. "पाहिलं ते सांगणं हीच साक्ष."

त्या आठवड्यात पुनरुज्जीवनाच्या सभा होत्या. बाहेरगावचे उपदेशक आले होते, हॉल भरला होता. साक्षीची वेळ आली तेव्हा मी पेटीमागून उठलो. मी म्हणालो की आपल्यातल्या एका माणसाने देवाची पत्रकं जाळून हलगी तापवली आणि परधर्माच्या लग्नात वाजवली, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलं. आवाज कापत होता. लोकांना ती आत्म्याची प्रेरणा वाटली. "स्तुती असो" असा गजर झाला. मामा तिसऱ्या रांगेत बसले होते.

उपदेशकांनी त्यांना उभं केलं. "वाजवली का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "हलगी माझी हाय," ते म्हणाले. "वाजली, ही गोष्ट खरी."

"आणि पत्रकं?"

"कागद हुता. जळला."

त्यांच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी मात्र हात वर करून आणि देवाचं नाव घेऊन खोटं बोललो होतो. पुढच्या बैठकीत वडिलांनी ठरवलं, की मामांनी मंडळीसमोर पश्चात्ताप करावा आणि हलगी आणून द्यावी. तोवर त्यांना शिस्तीखाली ठेवलं. म्हणजे शेवटच्या बाकावर बसायचं आणि प्रभुभोजनाच्या भाकरीत भाग घ्यायचा नाही. मामा म्हणाले, "मला बाकावर बसवा. हलगी द्यायची न्हाई. शास्त्रात डफ हाय का न्हाई?"

"तो डफ वेगळा," बाबा म्हणाले.

"आसंल. कातडं तिकडंबी जनावराचंच आसंल."

माझ्या साक्षीवर खूश होऊन त्याच महिन्यात माझा बाप्तिस्मा झाला. पहिल्या रविवारी भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं, मी घेतलं, आणि ते मागे सरकत शेवटच्या बाकापाशी थांबून परत फिरलं. मी मान वळवून पाहिलं नाही, पण ताट परत येताना ऐकू येतं. दोन वर्षं, दर महिन्याला, हे झालं. माणूस दुसरीकडे गेला असता. मामा येत राहिले. पाठीमागून सगळ्यांत मोठ्याने गायचे, आपल्या चालीत, अर्धी मात्रा मागे. लोक गोंधळायचे. बाबा मला खुणावायचे, की भाता जोरात मार. मी मारायचो. एका म्हाताऱ्याचा आवाज दाबायला मी दोन वर्षं भाता मारला, आणि रोज झोपण्यापूर्वी गुडघ्यावर बसून देवाकडे क्षमा मागितली. देवाकडे मागायची आम्हाला सवयच होती. तो उलट काही विचारत नाही.

स्मरणिकेत हे नाही. आता त्याच हॉलमध्ये पोरं ड्रम वाजवतात, गिटार वाजवतात, आठवड्याला नवी चाल आणतात. मी त्यांना कधी अडवलं नाही. पण मामांचं नाव शिस्तीच्या वहीत बाबांच्या अक्षरात तसंच आहे, आणि मंडळीत मी एकदा नाही, तीनदा म्हटलं की ते खोडा. कारण विचारलं की गप्प बसलो. आता कारण लिहिलंय. ते खोडा आणि त्या जागी माझं लिहा. मलाही शिस्तीखाली ठेवायचं असेल तर ठेवा. पेटी सोडून मागे येऊन बसायला मला पाच मिनिटं लागतील, गुडघे दुखतात म्हणून.

त्या साक्षीनंतर दोन वर्षांनी मामांचं काम सुटलं आणि ते मुलीकडे मुलुंडला गेले. मला तोवर नोकरी लागली होती. एका शनिवारी दुपारी मी पत्ता शोधत गेलो. चाळीच्या ओट्यावर ते बसले होते, खूप वाळलेले. "सलाम, सलाम," म्हणाले आणि शेजारी जागा करून दिली. मुलीने चहा आणला. वाटेत मी वाक्य पाठ केलं होतं: मामा, मी तुमचा गुन्हेगार आहे, मला क्षमा करा. सगळं मिळून आठ शब्द.

ते माझ्या पेटीची चौकशी करत राहिले. शेवटच्या ओळीला मी अजून घाई करतो का, विचारलं. मी म्हणालो, करतो. ते हसले. आजारपण, म्हशी, मुलीचा नवरा, सगळं झालं. चहा संपला. मी उठलो तेव्हा तेही काठी घेऊन उठले आणि रस्त्यापर्यंत आले.

"येवढं लांब आलास," ते म्हणाले. "काई बोलायचं हुतं का?"

"नाही मामा," मी म्हणालो. "सहज आलो होतो."