बाबांचा खिसा

सिनेमात मेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लागतो तेव्हा तो कुणाचा लावतात, हे मला चांगलं माहीत आहे. माझ्यासारख्याचा लावतात. फुकट मिळतो, आणि लोकांना चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो.

दिवसा मी वागळे इस्टेटमध्ये नोकरी करायचो. रजा टाकून सिनेमात हवालदार आणि टीव्हीवर डॉक्टर व्हायचो. 'आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही' हे वाक्य इतक्या मालिकांत म्हटलं की डोंबिवलीच्या बाजारातली भाजीवाली मला 'डाक्टर' म्हणायची. त्याबद्दल तक्रार नाही. माझं म्हणावं असं काम एकच होतं, आमच्या नाटकातला बाप.

शेवटच्या अंकात या बापाचा मुलगा घर सोडून जातो. लेखकाने तिथे लिहिलं होतं, 'बाप ढसाढसा रडतो.' मी तालमीतच सांगितलं, रडणार नाही. मी फळीवरचं पासाचं रिकामं पाकीट, कंगवा, चष्म्याचं घर एकेक करून शर्टाच्या खिशात ठेवायचो, खिसा वरून दाबायचो आणि खुर्चीत बसून राहायचो. हे सगळं माझ्या वडिलांचं. ते रेल्वेत होते, आम्ही ठाकुर्लीला राहायचो. रिटायर झाल्यावरही ते रोज सकाळी अंघोळ करून तसाच खिसा भरायचे आणि दाराशी खुर्ची टाकून बसायचे. जायचं कुठेच नसायचं. आम्ही पोरं हसायचो. ते गेल्यावर त्या वस्तू मी जपून ठेवल्या आणि नाटकात त्याच वापरल्या. ठाण्यात काय, कल्याणात काय, त्या जागी नाट्यगृह एकदम गप्प व्हायचं. लोक बाबांना बघतायत, असं मला वाटायचं.

मग निर्मात्याने या नाटकाचा सिनेमा करायचं ठरवलं. एका प्रयोगाला तो पडद्यावरच्या बड्या नटाला घेऊन आला. प्रयोगानंतर नट मेकअपरूममध्ये येऊन माझ्या पाया पडला.

"काका, हे खिशाचं कुठून आणलंत?"

मी हुरळलो. चहा मागवला आणि बाबांचं सगळं सांगून टाकलं, अगदी खिसा दाबण्यापर्यंत. थोड्याच दिवसांत कळलं, सिनेमात बाप तो करणार. मी तडक निर्मात्याचं ऑफिस गाठलं.

"मनाला लावून घेऊ नका हो," तो म्हणाला. "तुमच्या चेहऱ्यावर तिकीट खपत नाही. पण तुम्हाला मी सिनेमात ठेवलंय, बघालच."

बघितलं. कल्याणच्या थिएटरात, बायकोबरोबर. बापाच्या घरात भिंतीवर त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाचा फोटो होता. तो माझा. नाटकाच्या जाहिरातीसाठी काढलेला, त्याला चंदनाचा हार घातलेला. मला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"अगं बाई! जिवंत माणसाला हार घातला मेल्यांनी!" बायको ओरडलीच. मागून कुणीतरी तिला गप्प बसवलं.

शेवटी तो नट माझ्या फोटोखाली उभा राहिला. पाकीट उचललं, कंगवा उचलला, चष्म्याचं घर उचललं. खिसा दाबला. थिएटर गप्प. सांगताना जीव जळतो, पण हरामखोराने चांगलं केलं होतं. घरी आल्यावर बायकोने माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी तिच्यावरही खेकसलो. दृष्ट काढून माझे बाबा मला परत मिळणार होते का?

सिनेमा चालला, तशी नाटकालाही गर्दी झाली. डोंबिवलीच्या प्रयोगात मी फळीवरचं पाकीट खिशात ठेवलं, कंगवा उचलला आणि पुढच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला.

"बघ गं, पिक्चरमधली नक्कल करतोय."

शेजारणी फिस्सकन हसल्या.

माझा हात तिथेच थांबला. खाली उतरून त्या बाईला गदागदा हलवावं, असं वाटलं. ते करता येईना, म्हणून कंगवा खिशात कोंबून खुर्चीत बसलो आणि लेखकाने लिहिलं होतं तसा ढसाढसा रडलो. रागाने रडलो. कडाडून टाळी पडली.

"आता हेच ठेवा," पडदा पडल्यावर विंगेत निर्माता म्हणाला.

मी परत रंगमंचावर गेलो. फळीवर चष्म्याचं घर तेवढं राहिलं होतं, ते उचलून खिशात टाकलं, खिसा वरून दाबला आणि घरी गेलो. त्या नाटकात पुन्हा उभा राहिलो नाही.